झाड नसलेल्या जागेला पाणी

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात, हेडमास्तरांच्या खोलीच्या खिडकीखाली, हातभर रुंद अशी एक जागा आहे. तिथं काही उगवत नाही. एका माळ्यानं सदाफुली लावून पाहिली, ती जळाली. पुढं कुणी दूर्वा लावल्या, त्याही पिवळ्या पडल्या. या उजाड जागेला नलिनी मुळावकर उन्हाळाभर रोज सकाळी एक बादली पाणी घालत असत. एक-दोन उन्हाळे नव्हे, निवृत्त होईपर्यंत. पोरं वर्गाच्या खिडकीतून बघून खिदळायची. एखादा टवाळ ओरडून विचारायचा, "मैडम, झाड कब निकलेगा?" बाई बादली पालथी करून शांतपणे म्हणायच्या, "नीचे है बेटा. ये वाला ऊपर नहीं आता." मग पोरांची खात्रीच पटायची की मॅडमचं डोकं फिरलेलं आहे.

यंदा शाळेची स्मरणिका निघते आहे. संपादक माझाच जुना विद्यार्थी. तो घरी आला आणि म्हणाला, "सर, मुळावकर मॅडमवर तुम्हीच लिहा. दोन पानं. थोडं हलकंफुलकं होऊ द्या. ते पाणी टाकायचं, ते चिंचोके, ते करंटचं..."

"करंटचं म्हणजे?"

"अहो, त्यांच्या लॅबमध्ये नाही का पोट्टीले शॉक लागला होता? पण ते जरा सांभाळून घ्या सर. मॅडम आता नाहीत."

बाई आता नाहीत, हे खरं. मी आहे, आणि त्या दिवशी काय झालं हे पाहिलेल्यांपैकी लिहू शकणारा मीच आहे. दोन पानांत ते बसणार नाही. हलकंफुलकं जे आहे ते आधी सांगतो, कारण बाई मुळात तशाच होत्या.

बुटक्या, सावळ्या, इस्त्री केलेली सुती साडी आणि पायांत जाड रबरी तळव्याच्या चपला. हातात चष्म्याचं घर असायचं, पण चष्मा कायम नाकावर. त्या घरात असायचा टेस्टर, तोच, स्क्रूड्रायव्हरसारखा, वीज असली की आत इवलासा लाल दिवा लागणारा. कुठंही गेल्या तरी लोखंडी वस्तूला त्या आधी उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं, हलकेच स्पर्श करायच्या. शाळेचं फाटक, मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरातला फ्रिज, बँकेतला पंखा. मुलांना सांगायच्या, "सरळ हातानं धराल आणि करंट असेल, तर मूठ आवळते, सुटत नाही. उलट्या हाताला लागला तर हात स्वतःच पळून येतो." ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की तापलेल्या मुलाचं कपाळसुद्धा त्या उलट्या हातानंच बघायच्या.

गणपतीत मी एकदा त्यांची थट्टा केली. "मॅडम, प्रसाद तरी सरळ हातानं घ्या."

"प्रसादात करंट नसते सर," त्या म्हणाल्या, "देणाऱ्यात असते."

मी अमरावतीकडचा. नोकरीसाठी रायपूरला आलो आणि इथंच म्हातारा झालो. बाईंचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. "आम्ही इथं आलो नाही, राहून गेलो," असं त्या म्हणत. त्यांच्या मराठीत 'हो'च्या जागी 'हव' असायचं, आणि एक वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. मी शुद्ध बोलायला लागलो की त्या मला "पाहुणे" म्हणायच्या, अगदी मी त्यांचा हेडमास्तर झाल्यावरही. बूढ़ापाऱ्यात तलावाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्या आईसोबत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आई गेल्यावर एकट्याच. पण एकट्या वाटत नसत. रोज संध्याकाळी त्यांच्या जिन्याच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग असायचा. गल्लीतली, शाळेतली, कुणाकुणाची मुलं वर बसून गणितं सोडवायची, आणि खालचा दुकानदार कुरकुरायचा, "दीदी, ये जूते की दुकान मेरी है कि आपकी?"

त्या विज्ञान शिकवायच्या, आणि त्यांचा चिंचोक्यांचा तास शाळेत प्रसिद्ध होता. मुलांची एक समजूत असते, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचीही असते, की करंट बल्बमध्ये जातो आणि तिथं खर्च होऊन जातो. बाई वर्गाला अंगणात गोल उभं करायच्या. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. टाळी वाजली की आपला चिंचोका उजवीकडच्याला द्यायचा आणि डावीकडच्याचा घ्यायचा. हा झाला करंट. एका दांडग्या मुलाला सेल करायच्या. टाळ्या त्यानंच वाजवायच्या, चिंचोके थांबू द्यायचे नाहीत. आणि एकाला करायच्या बल्ब. त्यानं प्रत्येक चिंचोका पुढं देण्याआधी एक उठबैस काढायची.

पाच मिनिटांत सगळं अंगण हसायला लागायचं. मग बाई थांबवायच्या. "आता मोजा. चिंचोके किती?"

"जितने थे उतने ही, मैडम!"

"एक भी खत्म हुआ?"

"नहीं!"

"मग संपलं काय?"

एकदा बल्ब झालेला पोरगा जमिनीवर फतकल मारून बसला होता. तो धापा टाकत म्हणाला, "मैडम, मैं खत्म हो गया."

बाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. "बरोब्बर! करंट जशीच्या तशी आहे. दमला तो बल्ब. आणि टाळ्या वाजवून दमला तो सेल. ती जी दमछाक आहे ना, तिचं नाव ऊर्जा."

त्यानंतर त्या एक गंमत करायच्या. खेळ पुन्हा चालू करून, कुणाला न कळू देता, एका मुलाला डोळ्यानं खुणावायच्या. तो हात मागं घ्यायचा. क्षणात सगळं वर्तुळ थांबायचं. कुणाचा हात भरलेला, कुणाचा रिकामा, आणि सगळे एकमेकांकडं बघताहेत. बाई म्हणायच्या, "बघा. ज्यानं हात काढला त्याला वाटून राहिलं की आपण एकटेच थांबलो." मी माझ्या खोलीच्या खिडकीतून हे कितीदा तरी पाहिलं आहे.

मला त्यांनी शिकवलेला धडा निराळा. शाळेचं लोखंडी कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. मी, दोन शिक्षक आणि चपराशी, चौघं मिळून रेटत होतो. कपाट इंचभर हलेना. शर्ट भिजले. बाई दारात येऊन बघत उभ्या राहिल्या.

"काहून थांबले? लावा जोर."

"मॅडम, अर्धा तास झाला काम करून राहिलो," चपराशी म्हणाला.

"काम? कपाट हललं का?"

"नाही."

"मग काम शून्य. जोर लावला, घाम आला, हे खरं. पण वस्तू सरकली नाही तर काम शून्य." आणि माझ्याकडं वळून, "देशकर सर, आतलं सामान आधी काढून घ्या ना. ओझं कमी, तर घासणंही कमी."

किल्ली हरवली होती, म्हणून आम्ही भरलेलंच कपाट रेटत होतो. ते सांगायची मला लाज वाटली. "त्यात जड काही नाही," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी किल्ली सापडली. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खालपासून वरपर्यंत होते. बाईंनी ते पाहिलं. त्यानंतर मी सभेत लांबलचक बोलून काहीच ठरवलं नाही की शेजारच्या शिक्षिकेच्या कानात त्या पुटपुटायच्या, "काम शून्य."

आता तो कूलर.

माझ्या खोलीत खिडकीला लोखंडी कूलर होता. जुना, डबक्याएवढी पाण्याची टाकी असलेला, गवताच्या जाळ्यांचा. रायपूरच्या एप्रिलमध्ये त्याच्याशिवाय बसणं अशक्य. त्याच्या वायरला तीन पिनांचा प्लग होता आणि आमच्या एक्स्टेंशन बोर्डाला भोकं दोनच. मी पक्कड घेऊन वरची जाड पिन मोडून टाकली. त्या वेळी अर्ध्या रायपूरनं आपल्या घरी हेच केलेलं असेल.

बाई एक दिवस कशाची तरी सही घ्यायला आल्या आणि जाताना सवयीनं कूलरला उलट्या हाताचा स्पर्श केला. हात झटकला. चष्म्याच्या घरातून टेस्टर काढून पत्र्याला टेकवला. लाल दिवा लागला.

"सर, तुमचा कूलर झटके देऊन राहिला."

"थोड्या झिणझिण्या येतात. जुना आहे."

त्यांनी वाकून प्लग पाहिला. "तिसरी पिन कुठं गेली?"

"तुमच्या खात्यात जमा झाली असेल," मी हसून म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "ती शोभेची नसते सर. करंट वाट चुकली तर तिला जमिनीत जायचा रस्ता असतो तो. तो तुम्ही तोडला. आता ती दुसरा रस्ता शोधेल."

"परीक्षा होऊन जाऊ द्या मॅडम. मग मिस्त्री बोलावतो."

"करंटले परीक्षेचं टाइमटेबल माहीत नसते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम वर्गप्रमुखाचं असे. मुलांना त्याचा मान वाटायचा. आणखी एक रीत होती: हेडमास्तरांच्या खोलीत मुलं चपला बाहेर काढून येत. ती मी सुरू केली नव्हती, पण मला ती आवडायची. दहावीची वर्गप्रमुख रश्मी बावणे, रेल्वेतल्या बावण्यांची मुलगी, त्या सकाळी बादली घेऊन आली, तेव्हा तिच्या पायांत काही नव्हतं. मी फाइल वाचत होतो. तिनं विचारलं, "सर, बंद कर दूँ?" मी म्हणालो, "राहू दे चालू. पटकन भर."

ओरडणं ऐकू आलं नाही. बादली पडल्याचा आवाज झाला. मी मान वर केली तर रश्मीनं एका हातानं कूलरची कड गच्च धरलेली, खाली सगळं पाणी, आणि ती नुसती थरथरत होती. मी धावलो आणि तिचा दंड धरायला हात पुढं केला.

"सर, हात नको!"

असा आवाज मी बाईंचा कधी ऐकला नव्हता. शेजारच्या लॅबमधून त्या आल्या होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी भिंतीकडं जाऊन बोर्डाची वायर प्लगसकट उपटली. रश्मी खाली कोसळली. त्यांनी ओरडून मला थांबवलं नसतं, तर मीही तिथंच चिकटलो असतो. म्हणजे त्या दिवशी त्यांनी दोघांना वाचवलं.

मुलीला निजवण्याएवढं लांब टेबल फक्त लॅबमध्ये होतं. तिथं नेलं. ती शुद्धीवर आली, दोन बोटं भाजली होती, बाकी ठीक होतं. बाई रिक्षा बघायला बाहेर पळाल्या, आणि तेवढ्यात कुणी तरी कळवल्यामुळं बावणे धावत आले. त्यांना दिसलं ते असं: मुलगी लॅबच्या टेबलावर, आजूबाजूला वायरी, सेल, बल्ब.

"इथंच लागला का सर?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "सगळं एकदम झालं हो. आधी दवाखान्यात नेऊ." हे उत्तर नव्हतं. त्यांनी ते उत्तर समजून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

त्या टेबलावरचे सेल दीड-दीड व्होल्टचे होते. त्यांनी मांजरसुद्धा दचकत नाही. हे मला माहीत होतं. मी गणित शिकवणारा माणूस, मला एवढं कळत होतं.

दोन दिवसांनी संस्थेची मंडळी बसली. बावणे रश्मीला घेऊन आले होते. तिच्या बोटांना पट्टी होती. अध्यक्षांनी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी नंतर पोचले. देशकर सर पहिल्यापासून तिथं होते. त्यांना विचारा." सगळे माझ्याकडं वळायच्या आत बावणे बोलले, "साहेब, पोट्टी मले म्हणून राहिली का कूलरमधून लागला." आणि रश्मी हळूच म्हणाली, "हव. सर के कूलर से."

मी त्या वर्षी हंगामी हेडमास्तर होतो, कायम व्हायचा होतो. कूलर माझा, पिन मी मोडलेली, 'चालू राहू दे' मी म्हटलेलं. मी मुलीकडं पाहिलं आणि अगदी मायेच्या आवाजात म्हणालो, "घाबरल्यावर मुलांना नीट आठवत नाही, बावणेजी. लहान आहे ती."

एवढंच वाक्य. रश्मीनं खाली पाहिलं. बावण्यांनी मान हलवली, हेडमास्तर सांगतात म्हणजे तसंच असेल. बाई माझ्याकडं बघत होत्या. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की तो स्वतः सुधारतो का, याची वाट त्या जशा बघत, तशाच.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "कधी सांगणार सर?"

"थोडं शांत होऊ द्या मॅडम."

"मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर ती माहिती होईल. म्हणून थांबून आहे मी."

त्या थांबल्या. शॉक लॅबमध्येच लागला असं संस्थेनं धरलं आणि लॅबला कुलूप लागलं. त्यांना खालच्या वर्गांचा परिसर अभ्यास दिला गेला: पाणी, हवा, आपले मदतनीस. दहावीची मुलं प्रयोग पुस्तकातल्या चित्रांवरून पाठ करू लागली. चिंचोक्यांचा तास बंद झाला. 'करंटवाली मॅडम' हे नाव शाळेतून गल्लीत गेलं, गल्लीतून मंडळात गेलं. हळदीकुंकवाला बायका आपल्या लहानग्यांना हसत हसत त्यांच्यापासून लांब ओढायच्या. थट्टा म्हणूनच, पण ओढायच्या. मी एकदा संध्याकाळी बूढ़ापाऱ्यातून जात होतो. त्यांच्या जिन्यावर चपला नव्हत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर एकच रबरी तळव्याचा जोड होता, नीट भिंतीला लावून ठेवलेला. खालचा दुकानदार मला म्हणाला, "सर, अब बड़ा सुनसान लगता है." मी हो म्हणालो आणि सायकल पुढं रेटली.

परीक्षा संपल्यावर मी मिस्त्री बोलावला. त्यानं खिडकीखाली खोल खड्डा खणला, तांब्याची पट्टी सोडली, वर मीठ आणि कोळशाचे थर दिले आणि बुजवला. हे अर्थिंग. बाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या. जाताना मिस्त्री म्हणाला, "सर, गर्मी में रोज एक बाल्टी पानी डलवाते रहना. मिट्टी सूखी तो सब बेकार."

मी 'बरं' म्हणालो आणि विसरलो. बाई विसरल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांना तिथं बादली ओतताना पाहिलं तेव्हा मी खिडकीशीच होतो. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. मी म्हणालो, "मॅडम, चपराशाला सांगतो ना."

"चपराशी विसरेल," त्या म्हणाल्या. 'तुमच्यासारखा' हे त्या म्हणाल्या नाहीत.

मुलं विचारायची तेव्हा त्या खरं सांगू शकल्या असत्या. इथं खाली अर्थिंग आहे, म्हटलं असतं, तर कुणी हुशार पोरानं विचारलं असतं: हे कशासाठी केलं, कधी केलं? त्यांनी वेडी ठरणं पत्करलं. माझ्याशी रोज 'नमस्कार सर' चालू होतं. फक्त माझ्या खोलीत त्या पुन्हा आल्या नाहीत. सही हवी असली तर उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, चपला घालून. मुलांना मात्र त्या येता-जाता सांगायच्या, "सरांच्या खोलीत चपला घालून जायचं. मी सांगितलं म्हणून सांगा." मी त्यावर कधी काही बोललो नाही. ती रीत अशी मोडली.

मी कायम हेडमास्तर झालो. शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो. त्या माझ्यामागून निवृत्त झाल्या, आणि निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी आम्हाला शॉक देऊन शिकवलं." सगळे हसले. त्याही हसल्या.

बाई मागच्या पावसाळ्यात गेल्या. खालच्या दुकानदारानं दोन दिवस पायरीवरची चप्पल हलली नाही हे पाहून वर जाऊन दार वाजवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तेलीबांध्याच्या तलावाकाठी सकाळी फिरत होतो. एक चाळिशीची बाई थांबली, वाकून पाया पडली. "सर, पहचाना? रश्मी. रश्मी बावणे." जवळच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते म्हणाली. दहावीनंतर तिनं कॉमर्स घेतलं होतं. भौतिकशास्त्र तिला सगळ्यात आवडायचं, हे मला आठवत होतं.

आम्ही बाकावर बसलो. मी तिला सांगितलं. पिन, पक्कड, 'चालू राहू दे', सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती तलावाकडं बघत ऐकत होती. मला वाटलं, ती चिडेल.

"सर, मुझे तो याद था," ती म्हणाली. "कूलर की वो ठंडी किनार... हाथ को आज भी याद है. पर आपने बोला ना, डर में याद नहीं रहता. तो मैं सोचती रही, मेरा ही दिमाग गलत याद कर रहा है." मग मोडक्या मराठीत, "बाबाही म्हणायचे, सर खोटं काहून बोलतील."

ती तलावावरून नजर काढून माझ्याकडं वळली.

"मैडम को बताया था आपने?" तिनं विचारलं. "कि आप सबको बता देंगे?"

मी मान हलवली, नाही. ती उठली. जाताना नमस्कार केला, पण वाकली नाही.

तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मी तिला दिलं नाही. ते इथं देतो.

बाई गेल्या त्याच्या आधीच्या मार्चमध्ये शाळेचं बक्षीस वितरण होतं. सगळ्या जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं, म्हणून त्याही आल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. पांढरी सुती साडी, इस्त्रीची. सभागृहाच्या दारात लोखंडी कठड्याला उलट्या हातानं स्पर्श केला आणि मग आत आल्या. शेवटच्या ओळीत बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मुद्दाम कुणी टाळलं असं नव्हे, नुसत्याच राहिल्या.

मी व्यासपीठावर होतो, माजी मुख्याध्यापक म्हणून. माझ्या आधीचे वक्ते लांबत होते. व्यासपीठाच्या बाजूच्या दारातून मागचं अंगण दिसतं. मी तिकडं पाहिलं तर बाई उठून बाहेर गेलेल्या, आणि खिडकीखालच्या त्या जागेपाशी उभ्या. जमीन भेगाळलेली होती. हातात प्यायच्या पाण्याची बाटली होती, येताना घरून भरून आणलेली. त्यांनी तिचं झाकण उघडलं, वाकता येत नव्हतं म्हणून भिंतीला टेकल्या, आणि सावकाश, थोडं थोडं, सगळं पाणी त्या भेगांत ओतलं. शेवटचा थेंब झटकला. मग मान वर केली. आमची नजर भेटली.

त्या क्षणी सूत्रसंचालकानं माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. माईक माझ्या हातात आला. बाई दाराच्या चौकटीत येऊन थांबल्या, रिकामी बाटली हातात, आत न येता, ऐकायला. त्या तशाच बघत होत्या, वर्गात बघत तशा. सभागृहात तीन पिढ्यांचे विद्यार्थी बसलेले होते. एक वाक्य पुरलं असतं.

मी संस्कारांवर बोललो. बरंच बोललो.

मध्येच कधी तरी दार रिकामं झालं. समारंभ संपल्यावर मी घाईनं मागं गेलो. बाई नव्हत्या. फाटकाकडं कुणी नव्हतं. खिडकीखाली फक्त ती जागा होती, अजून ओली.